कलेजी कोणाच्या ताटात?

आखाड लागला की दवाखान्यात दोन प्रकारचे रोगी वाढतात. एक जुलाब-उलट्यांचे आणि दुसरे दिव्याच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी डोके धरून येणारे. त्या दुसऱ्यांविषयी न बोललेले बरे. आज मला लिहायचे आहे ते त्या घरातल्या बाईविषयी, जी आखाडाचे रांधते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते.

गेल्या वर्षी याच दिवसांत जिंतूर रस्त्यावरच्या एका खेड्यातून नवरा-बायको आले. बाई तिशीच्या आतली. पाण्याची घागर घेऊन चार पावले चालली की धाप, उठता-बसता चक्कर, पायांत गोळे. खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७ भरले. नवरा म्हणाला, "खायाप्यायला काही कमी नाही डॉक्टरसाहेब, आठ दिवसाला कोंबडं असतंच घरात." मी बाईंना विचारले, "कलेजी कोण खातं?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "ती आधीच काढून तळून द्यावी लागती. ह्यांचे दोस्त बसलेले असतात." आणि तुम्हाला? "रस्सा उरतो की."

वाचकहो, ही एका घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. दर महिन्याची पाळी, बाळंतपणे, अनवाणी शेतात राबल्याने होणारे अंकुशकृमी, अशी त्याची कारणे अनेक आहेत. त्यात ताटातली वाटणी हे एक कारण आहे आणि त्याला गोळी नाही.

आता कलेजीत एवढे काय आहे ते पाहू. १०० ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते, तर छातीच्या पांढऱ्या मांसात १ मिलिग्रॅमसुद्धा नसते. शिवाय फोलिक आम्ल, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व भरपूर. आपण दुकानात 'पीस' मोजून घेतो आणि कलेजी-पेटा मात्र "राहू दे तुलाच" म्हणून सोडून येतो, याला काय म्हणावे? वैद्यकशास्त्राने कलेजीची किंमत फार पूर्वी ओळखली. घातक पांडुरोगाच्या रोग्यांना मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोज शे-दोनशे ग्रॅम यकृत खाऊ घालून वाचवले. त्यासाठी व्हिपल यांच्यासह तिघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुंबईतली हकिगत तर याहून जवळची. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या आणि गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यकृताचा अर्क आणि यीस्टचा स्वस्त अर्क या दोन्हींनी त्या स्त्रियांचे रक्त सुधारत होते. त्या शोधाच्या वाटेनेच पुढे फोलिक आम्ल सापडले. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात ते असते.

पण हिशेब प्रामाणिकपणे केला पाहिजे. एका कोंबडीची कलेजी ३०-४० ग्रॅमची. म्हणजे लोह ३ मिलिग्रॅम, आणि खाणारी तोंडे सहा. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली जाते. तेव्हा एका कलेजीने कोणाचे रक्त वाढणार नाही. म्हणून मी दोन गोष्टी सुचवतो. सणाला कोंबडीबरोबर पाव किलो कलेजी-पेटा वेगळा मागून घ्यावा. मांसापेक्षा तो स्वस्त पडतो. आणि कलेजी तळून बशीत न देता रश्शातच वाटून घालावी. बशीतली कलेजी एकाच्या हातात जाते. रश्शात उतरलेली कोणाला वेचून काढता येत नाही.

आमच्या आईची हीच रीत होती. आम्ही सहा भावंडे, कलेजीवरून रोज मारामारी, म्हणून तिने तो वादच मिटवून टाकला. कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी न फोडता काढायची. फुटली तर सगळा रस्सा कडू. पेटा मधोमध चिरून आतली वाळू-खडे आणि पिवळी कातडी सोलून टाकायची. हळद-मीठ घालून दोन्ही शिजवायचे. कलेजी लवकर शिजते, पेट्याला कुकरच्या चांगल्या पाच-सहा शिट्ट्या लागतात, तेव्हा तो आधी लावावा. भाजलेले खोबरे, कांदा, लसूण, आले यांच्या वाटणातच शिजलेली कलेजी वाटायची. काळा मसाला तेलात परतून त्यात हे वाटण, मग पेट्याचे बारीक तुकडे आणि शिजवलेले पाणी. येसूर थोडा कमी लावला तरी चालतो, कारण कलेजीनेच रस्सा दाट होतो. लोखंडी कढई असेल तर उत्तम. ज्वारीच्या भाकरीतले लोह एरवी अंगी फारसे लागत नाही, पण सोबत मांस असले की जास्त शोषले जाते. वरून लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा मात्र नको. आपल्याकडे पाहुणा उठायच्या आत चहा येतो आणि तो लोहाला अडवतो.

स्वच्छतेविषयी थोडे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने कोंबडी खाणे सोडले होते. भीती समजण्यासारखी होती. पण तो विषाणू नीट शिजवल्यावर टिकत नाही. आजारी किंवा मेलेली कोंबडी घरी आणू नये, एवढे मात्र पक्के पाळावे. एरवीचा धोका जुलाबाच्या जंतूंचा. कच्ची कलेजी धो-धो नळाखाली धुऊ नका, शिंतोडे कोथिंबिरीवर उडतात; पातेल्यात हलक्या हाताने धुवा आणि विळी लगेच साबणाने घासा. मधोमध गुलाबी राहिली तर कलेजी कच्ची समजा. पावसाळ्यात उरलेला रस्सा रात्रभर चुलीपाशी ठेवू नका.

ज्यांना गाऊटचा म्हणजे युरिक आम्लाच्या सांधेदुखीचा त्रास आहे, त्यांनी कलेजी-पेटा टाळावा. गरोदर बाईने मुद्दाम कलेजी आणून खाऊ नये. तिच्यातले अ जीवनसत्त्व फार झाले तर पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, घातक ठरते. घरच्या रश्शात एकाच कोंबडीची वाटून घातली असेल तर वाटीभर रश्शाने बिघडणार नाही, पण तिचा मुख्य आधार लोहाची गोळीच. हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या कोणालाही मी रश्शावर सोडणार नाही. त्या बाईंना जंताचे औषध दिले, गोळ्या दिल्या, दुधा-चहाबरोबर घेऊ नका म्हणून बजावले आणि नवऱ्याला समोर बसवून रश्शाची कृती सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. तीन महिन्यांनी रक्त १० वर आले होते. दोस्तांचे काय झाले ते मी विचारले नाही.

माळकरी वाचक हा लेख वाचून रागावले असतील. पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठी हळीव, हरभरे आणि पालेभाज्यांविषयी लिहीन.