मकरपुऱ्याने इंजिनाच्या कामात उतरावे का?

विमानाचा कारखाना दाराशी आला म्हणजे मागोमाग इंजिनाचे कामही येणार, असा हिशेब वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला एखादा मशीन शॉपवाला मांडत असेल तर त्याला दोष देता येत नाही. टाटा-एअरबसच्या सी-295 प्रकल्पाचे 28 ऑक्टोबर 2024 ला उद्घाटन झाले, तेव्हापासून वडोदऱ्यात हवाच तशी आहे. पण आकडे पाहावेत. करारातल्या 56 विमानांपैकी 16 स्पेनमध्ये बनवायची, उरलेली 40 इथे. दर विमानाला दोन, म्हणजे 80 इंजिने. तीही प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची. एवढ्यासाठी कोणी ठरलेला पुरवठादार बदलत नसतो. इंजिनाचे काम हवे तर ते जगाच्या बाजारातून स्वतःच मिळवावे लागेल.

मग त्यासाठी कर्ज काढून फाइव्ह-ॲक्सिस मशीन घ्यावी का?

घ्यावी म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. पिळदार पात्यांचा भाग थ्री-ॲक्सिसवर करायचा तर जॉब पुन्हा पुन्हा सोडून बांधावा लागतो आणि दर बांधणीत काही मायक्रॉन हातचे जातात. फाइव्ह-ॲक्सिसवर टेबल किंवा हेड कलू लागले की बरेचसे काम एका सेटिंगमध्ये उरकते. शिवाय हे तंत्र आता परमुलखाचे राहिलेले नाही. राजकोटच्या ज्योती सीएनसीने 2007 मध्ये फ्रान्सची मशीन बनवणारी ह्युरॉन कंपनी घेतली. तिथला सर्व्हिस इंजिनिअर सकाळी निघून दुपारपर्यंत पोचू शकतो.

खरी अडचण मशीन बसवल्यावर सुरू होते. ब्लिस्क घ्या: चकती आणि तिची सगळी पाती एकाच धातूच्या गोळ्यातून कोरलेली. दोन पात्यांमधल्या अरुंद फटीत लांब, बारीक टूल उतरते. पाते पातळ होत जाते तसे ते टूलखाली थरथरू लागते आणि पृष्ठभागावर चॅटरच्या रेघा उमटतात. टायटेनियममधून उष्णता लवकर निघत नाही, ती टूलच्या धारेवरच साचते. इन्कोनेल तर कापता कापता कडक होतो. ॲल्युमिनियमवर स्पिंडल वीस हजार फेऱ्यांनी पळवणारा ऑपरेटर इन्कोनेलवर कार्बाइड टूल लावतो तेव्हा मिनिटाला जेमतेम चाळीस-पन्नास मीटरच्या कटिंग स्पीडवर येतो. कॅटलॉगमधला वेग कॅटलॉगमध्येच राहतो. आणि शेवटच्या पात्याला टूल तुटले, तर महागडा गोळा भंगारात.

त्यापुढे कागदपत्रे: एएस9100 हे विमान उद्योगाचे गुणवत्ता-प्रमाणपत्र, नॅडकॅप ही विशेष प्रक्रियांची मान्यता, पहिल्या नगाची मापामापाने तपासणी, धातूच्या प्रत्येक बॅचचा माग. बँकेचा हप्ता या मंजुऱ्यांची वाट पाहत नाही.

माझे मत तरीही मशीनच्या बाजूने आहे, फक्त क्रम उलटा हवा. आधी मापनाची सोय आणि टूलचा मार्ग आखणारा मुरलेला कॅम प्रोग्रामर, मग मशीन. आणि तिच्यावर पहिली काही वर्षे विमानाच्या सांगाड्याचे ॲल्युमिनियमचे भाग, पंपांचे इम्पेलर. त्यातून हप्ता सुटतो, हातही बसतो. तोवर इंजिनाच्या कामातली हैदराबाद-बंगळुरूची मंडळी आणखी पुढे जातील, हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पुरते उत्तर नाही. पण नाकारलेल्या लॉटने बुडालेल्या शॉपला मागून येण्याचीही संधी उरत नाही.

मापनाच्या सोयीसाठी जागा गावातच आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेले कलाभवन आज म. स. विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. तिथे तासाच्या भाड्याने वापरता येईल अशी सामाईक सीएमएम (त्रिमितीय मोजमाप यंत्राची) खोली, तापमान राखलेली, उभी राहिली तर लहान शॉपना प्रत्येकी स्वतःची उभारावी लागणार नाही. मशीनच्या अनुदानासाठी गांधीनगरला खेटे घालण्याआधी उद्योजकांनी हे मागावे.