प्रशिक्षक देशी, पण मैदान कोणाचे?

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुरुषांच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे खालिद जमील यांच्या हाती सोपवली. २०११-१२ मधील सावियो मेदेइरा यांच्यानंतर प्रथमच एका भारतीयाला हे पद मिळाले, आणि त्याचे स्वागत स्वाभिमानाच्या भाषेत झाले. सप्टेंबरात ओमानला हरवून संघाने मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा हा जयघोष अधिकच वाढला. पण १४ ऑक्टोबरला मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही १-० अशी मात केली. मग तीच तोंडे दोष देऊ लागली.

जयघोष करणारे आणि दोष देणारे, दोघेही एकाच भ्रमात आहेत. संघ प्रशिक्षकाच्या डोक्यातून जन्माला येतो, असे दोघांनाही वाटते. वस्तुतः संघ जन्माला येतो मैदानातून आणि खेळाडूच्या घरातल्या चुलीतून. मैदान विकले गेले आणि चुलीची शाश्वती गेली, तर प्रशिक्षक देशी असो वा विदेशी, त्याच्या हाती शिट्टीवाचून काही उरत नाही. हा प्रश्न मुंबई-कोलकात्याचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. तो परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या मुलाचाही आहे.

जमील यांची कारकीर्दच याची साक्ष देते. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेला हा मधल्या फळीतला खेळाडू मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडला. तो महिंद्राकडून खेळला, एअर इंडियाकडून खेळला. मद्य-उद्योगाचा पैसा लागलेल्या कोलकात्याच्या बड्या क्लबांचे प्रस्ताव त्याने नाकारले. २००९ साली ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि अल्प साधनांवर सात वर्षे त्यांनी तो संघ वरच्या श्रेणीत टिकवून धरला. २०१६ साली ते मिझोरामच्या ऐझॉल क्लबात गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, आणि एप्रिल २०१७ मध्ये त्याच क्लबाने आय-लीगचे विजेतेपद पटकावले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरली व पुढे बंद पडली. इतके होऊनही २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये एका भारतीयाला कायम मुख्य प्रशिक्षक नेमण्यास २०२१ साल उजाडावे लागले. तो मान नॉर्थईस्ट युनायटेडने जमील यांनाच दिला.

आता या माणसाला घडवणाऱ्या संस्थांचे काय झाले ते पाहावे. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा या गोव्याच्या माजी बचावपटूच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. चार वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने हा संघच मोडीत काढला. पंजाबातील जेसीटी २०११ मध्ये गेली. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे सार्वजनिक क्षेत्रातील संघ २०१३ साली परवान्याच्या व्यापारी निकषांत बसत नाहीत म्हणून आय-लीगबाहेर काढण्यात आले. पुढे २०२२ च्या जानेवारीत एअर इंडियाच खाजगी मालकाच्या हाती गेली. ज्या शिडीने जमील वर चढले तिच्या पायऱ्या एकामागून एक काढून घेतल्या गेल्या, आणि शेवटी शिडीच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाला विचारले गेले की खालून माणसे का येत नाहीत!

फुटबॉलपटूच्या पायाची कमाई दहा-बारा वर्षांची असते. एक गुडघा निखळला की ती दोन वर्षांचीही ठरते. एवढी जोखीम श्रीमंताच्या मुलाला परवडते, शेतमजुराच्या मुलाला नाही. कार्यालयीन संघातील नोकरी हा या जोखमीचा विमा होता. खेळ संपला तरी पगार चालू राहत असे. त्या पगाराच्या भरवशावर बाप मुलाला मैदानावर जाऊ देत असे. हा विमा काढून घेऊन त्या जागी हंगामी करार आणला, तेव्हा खेळाचे आधुनिकीकरण झाल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात झाले एवढेच की जोखीम मालकाच्या खांद्यावरून उतरून मजुराच्या खांद्यावर आली. गिरणी कामगारांना ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना रिलायन्सच्या भागीदारीतील कंपनीला दिले. देशाचा खेळ भाडेपट्ट्याने गेला. पट्ट्याची मुदत संपत आली आणि नव्या अटी ठरेनात, तेव्हा जुलै २०२५ मध्ये लीगचा हंगामच लांबणीवर टाकण्यात आला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. जमील यांची नेमणूक झाली ती नेमक्या याच आठवड्यांत. कोठारे कुलूपबंद करून सेनापती नेमण्याचाच हा प्रकार होता.

येथे हंगेरीची आठवण होणे साहजिक आहे. १९९०-९१ मध्ये हंगेरीचे माजी गोलरक्षक योझेफ गेलेई भारताचे प्रशिक्षक होते. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील हा माणूस. पण त्यांच्या येण्याने भारतीय फुटबॉलचा पाया बदलला नाही. कारण हंगेरीचे सामर्थ्य ना त्यांच्या सामानात बांधून आणता येत होते, ना कोणाच्या वहीत टिपून घेता येत होते. ते सामर्थ्य कशात होते हे गुस्ताव शेबेश यांच्या आयुष्यावरून कळते. शेबेश हे खेळाडू होते, पॅरिसजवळच्या रेनॉ कारखान्यात कामगार होते, तेथे त्यांनी कामगारांची संघटना बांधली. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या हंगेरीने १९५२ चे ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले, २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवले, आणि १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातच पश्चिम जर्मनीकडून ३-२ अशी हार खाल्ली. या यशामागे पुश्काशचा डावा पाय होता हे खरेच. पण होनवेद या सैन्याच्या क्लबात राष्ट्रीय संघाचा कणा वर्षभर एकत्र ठेवलेला होता, खेळाडूला पगार होता, सरावाला वेळ होता, हेही तितकेच खरे.

परंतु समाजवाद्याने अर्धेच सत्य सांगून थांबता कामा नये. तीच सत्ता नागरिकांचा गळा घोटत होती. १९५६ साली बुडापेस्टवर रशियन रणगाडे चालून आले आणि पुश्काश, कोचिश, झिबोर परदेशातच राहिले. जगातला सर्वोत्तम संघ काही आठवड्यांत विस्कटला. जयप्रकाशांसह भारतीय समाजवाद्यांनी त्या वेळी हंगेरीच्या जनतेची बाजू घेतली होती, ती योग्यच होती. सार्वजनिक आधाराशिवाय खेळ उभा राहत नाही आणि स्वातंत्र्याशिवाय टिकत नाही, हे दोन्ही धडे हंगेरीने दिले.

विरोधक म्हणतील, कार्यालयीन संघांचे सामने रिकाम्या बाकांपुढे होत, साहेबांच्या मर्जीने भरती होई, लहान मुलांकडे कोणी पाहत नसे. या आक्षेपांत तथ्य आहे. पण दवाखान्यात डास झाले म्हणून कोणी दवाखाना विकत नाही. संघांचा कारभार सुधारणे हा एक मार्ग होता. तो कोणी चोखाळला नाही, कारण सुधारणेतून कोणाला नफा मिळत नव्हता.

आता पेडगावकडे वळावे. कापूस-सोयाबीनच्या या मुलखातला एखादा मुलगा चपळ निघाला, तर त्याची वाट कोणती? तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय स्पर्धा. त्यापुढे पूर्वी मुंबईतील एखाद्या कार्यालयाचा संघ असे. आज त्या वाटेवर काय उरले आहे? सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते पदक मिळाल्यानंतरचे. पदकापर्यंत पोचायचे कसे, याला शासनाकडे उत्तर नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा सोहळा केला. चेंडू वाटले, छायाचित्रे निघाली. १६ सप्टेंबरचा कार्यक्रम कोणाकडेच नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असलेच पाहिजे असे सांगितले. ते कागदावर आहे की जमिनीवर, हे पाहण्यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रशिक्षकाच्या नावावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. पेडगावच्या आणि प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत एक साधा प्रश्न मांडावा : शाळेच्या मैदानाची नोंद सातबारावर कोणाच्या नावाने आहे, आणि त्यावर अतिक्रमण किती आहे? जिल्ह्याच्या पातळीवर मागणी करावी की उरलेल्या सार्वजनिक उपक्रमांनी खेळाडूंना कायम नोकरी देऊन संघ उभे करावेत. राज्याच्या पातळीवर मागणी करावी की खेळाच्या हक्कांतून येणाऱ्या पैशावर पहिला अधिकार खेळाडूच्या पगाराचा आणि लहान मुलांच्या मैदानांचा असावा, आणि महासंघाचा जमाखर्च जनतेपुढे खुला असावा.

खालिद जमील यांना यश मिळो वा अपयश, त्यांची परीक्षा मडगावच्या नव्वद मिनिटांत झालेली नाही. परीक्षा झाली ती पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याची, आणि तो पट्टा नापास झाला आहे.