कौतुक पुरे, आता डाव पाहू या

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातील बाटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. त्या रात्री आपल्या कन्नडमध्येही जो तो तिचा फोटो एकमेकांना पाठवीत होता. उंट तिरका चालतो की सरळ हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनीही अभिनंदनाचे संदेश लिहिले. पुढे नागपुरात तिचा सत्कार झाला, राज्य शासनाने तीन कोटी रुपयांचे बक्षीस दिले. हे सारे योग्यच झाले. एकोणीस वर्षांच्या मुलीने भारताची ८८ वी ग्रँडमास्टर व्हावे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. तरीपण मित्रमैत्रिणींनो, या साऱ्या धामधुमीत एक प्रश्न माझ्या कानावर काही आला नाही. ही मुलगी खेळते तरी कशी?

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे एक खंत मांडली होती. आपण काही डाव चांगले खेळलो, पण प्रेक्षकांना डावांपेक्षा आपले कपडे, केस आणि उच्चार यांतच अधिक रस होता, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ते वाचल्यापासून मला वाटते की नावे ठेवणारा आणि नुसतीच आरती ओवाळणारा या दोघांत एक साम्य आहे. दोघेही तिचा डाव पाहत नाहीत. खेळाडू स्त्रीचा खरा मान राखायचा असेल तर तिच्या चाली वाचल्या पाहिजेत, आणि चाली वाचायच्या म्हटल्या की गुणांबरोबर उणिवाही बोलून दाखवल्या पाहिजेत. पुरुष खेळाडूंच्या बाबतीत आपण हेच तर करतो! विराट कोहली बाद झाला की पारावरचा प्रत्येक जण ऑफस्टंपबाहेरच्या चेंडूवर व्याख्यान देतो.

म्हणून मी माझ्या अल्पमतीप्रमाणे तिच्या वेगवान खेळाविषयी चार शब्द लिहीत आहे. वेगवानच का? कारण आपल्यापैकी जे कोणी बुद्धिबळ खेळतात ते मोबाईलवर तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे डाव खेळतात, आणि दिव्याचीही कित्येक मोठी यशे घड्याळाच्या धाकातच मिळालेली आहेत. २०२० साली साथीच्या दिवसांत ऑलिंपियाड प्रथमच इंटरनेटवर झाले. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता आणि चौदा वर्षांची दिव्या संघात होती. अंतिम लढतीत ऐन डावात तिची आणि निहाल सरीनची जोडणी तुटली, दोघांचीही वेळ संपली, आणि अखेर भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. डाव रंगात असताना नेट जाणे म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तिच्या खेळात पहिली गोष्ट जाणवते ती ही, की ती डाव शिजत ठेवते. समोरचा बलाढ्य आहे म्हणून लवकर बरोबरी पदरात पाडून घ्यावी, असा तिचा स्वभाव दिसत नाही. ती मोहरी पटावर राखते, राजाकडे रोख ठेवते, आणि प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक चालीला नवा प्रश्न घालते. वेळ कमी असला की प्रश्न घालणाऱ्यापेक्षा उत्तर शोधणाऱ्याचे हाल अधिक होतात. २०२३ साली कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत ती ऐनवेळची बदली खेळाडू म्हणून आली आणि महिलांचा जलद विभाग जिंकून गेली. जून २०२५ मध्ये लंडनला सांघिक अतिजलद स्पर्धेत तिने चार वेळा जगज्जेती ठरलेल्या चीनच्या हौ यिफानला ७४ चालींत हरवले. प्रत्येकी तीन मिनिटे आणि चालीगणिक दोन सेकंदांची भर. हिशेब केला तर ७४ चालींसाठी एका खेळाडूला साडेपाच मिनिटेही मिळत नाहीत!

दुसरा गुण म्हणजे तिचे मन खचत नाही. विश्वचषकात चीनची झू जिनर, मग हरिका, आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पी, या तिघींशी नेहमीच्या डावांत बरोबरी राहिली आणि तिन्ही वेळा जलद डावांनी निकाल लावला. हम्पी तर त्या वेळी महिलांची जलद बुद्धिबळातील विद्यमान जगज्जेती होती. ज्या प्रांतात ती राणी, त्याच प्रांतात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने तिला हरवले.

आता उणिवांकडे वळू. अंतिम सामन्याच्या पहिल्याच डावात दिव्या वरचढ ठरली होती, पण हातचा विजय निसटला आणि बरोबरी झाली. निर्णायक जलद डावातही जिंकत आलेली बाजू तिने मध्येच सैल सोडली होती. दोघींकडून चुका झाल्या, आणि हम्पीची वेळाची ओढाताण अधिक झाली म्हणून निकाल लागला. माझ्या मते दिव्याचा वेग डावाच्या पूर्वार्धात धारदार आहे आणि मोहरी कमी झाल्यावर तो बोथट होतो.

याचे कारण समजण्यासारखे आहे. जलद डावात पंधरा मिनिटे संपली की चालीगणिक मिळणाऱ्या दहा सेकंदांवर दिवस काढावे लागतात. पटावर मोहरी भरपूर असताना एखादी मध्यम प्रतीची चालही खपून जाते. शेवटी मात्र एका घराचा हिशेब चुकला तरी सारे जाते. एका बाजूला राजा आणि प्यादे, दुसऱ्या बाजूला एकटा राजा, अशा साध्या स्थितीतही पुष्कळदा खेळी कुणाची यावरच विजय की बरोबरी हे ठरते. तेच राजे, तेच प्यादे, तीच घरे. पण पाळी बदलली की निकाल बदलतो. हे दहा सेकंदांत विचार करून सुचत नाही, ते आधीच ठाऊक असावे लागते. जे आपण सावकाश बसून घोटलेले असते तेच घाईच्या वेळी हाताला येते. बाकी उरते ती नुसती धांदल.

कुणी म्हणेल, कन्नडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी, घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेली ही मुलगी विश्वविजेतीच्या चुका काढणार? उत्तर सोपे आहे. विजयानंतर दिव्यानेच सांगितले की आपल्याला डावाचा शेवट शिकायला हवा, तिथे आपण गडबड केली. जग टाळ्या वाजवीत असताना स्वतःच्या खेळातले कच्चे दुवे बोलून दाखवणे, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. शिवाय तिचे डाव काही कुलपात नाहीत. एकेक चाल मोबाईलवर फुकट पाहता येते. पट मांडावा, पुढची चाल झाकावी, आपण कोणती खेळलो असतो ते कागदावर लिहावे आणि मग ताडून पाहावे. याला ना फी लागते, ना शिफारस.

पण एवढ्यावर भागत नाही. मोबाईल आपल्याला डाव पुष्कळ देतो, समोर बसून चर्चा करणारे माणूस देत नाही. एक डाव हरला की लगेच दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा. का हरलो हे पाहायला उसंतच नसते. मुलींना तर मोबाईलशिवाय दुसरी जागाच नाही. पारावर किंवा चहाच्या टपरीवर पट मांडून बसलेल्या पुरुषांत एखादी मुलगी जाऊन बसली तर लोक तिची चाल पाहतील की तिला पाहतील, हे मी सांगायला नको. दिव्याची खंत वाइक आन झीची असली तरी ती आपल्या गावालाही लागू पडते. आणि याच महाराष्ट्राच्या वासंती खाडिलकर यांनी १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती! त्यांची बहीण रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. परंपरा आहे, जागा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या महाविद्यालयात आठवड्यातून एक दुपार बुद्धिबळासाठी राखून ठेवावी. चार पट आणि दोन घड्याळे पुरेत. मुलामुलींनी समोरासमोर बसून एक डाव घड्याळ लावून खेळावा आणि नंतर तोच डाव घड्याळ बंद करून, सावकाश, शेवटाकडून सुरुवातीकडे तपासावा. दिव्याच्या नावाचा फलक लावायचा असेल तर खुशाल लावा, पण त्याखाली तिचा एखादा डावही लिहून ठेवा. सहावी-सातवीतली एखादी मुलगी ताईबरोबर कॉलेजात आली, तर तिने फोटोपुढे थांबण्याऐवजी ती चाल वाचावी आणि "इथे हत्ती का नाही घेतला?" असे विचारावे, इतकीच माझी इच्छा आहे.