कवी कलशावरचे जादूटोण्याचे खापर




‘छावा’ चित्रपटापासून कवी कलश आमच्याकडे पानटपरीवरही चर्चेत आहे. तरुण पोरांना तो शंभूराजांचा जिवलग वाटतो, जुन्या मंडळींना मात्र अजूनही राजाला मंत्रतंत्राने भारणारा ‘कलुषा’. जणू झारच्या दरबारातल्या रासपुतिनाचा मराठी अवतार!

हा कलुषा रंगवला प्रामुख्याने मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने. ती लिहिली गेली कलशाच्या मृत्यूनंतर सुमारे 120 वर्षांनी. बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना 1681 मध्ये संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. घरचे दुखणे लेखणीत उतरणारच. आणि तंत्रमार्ग हाच गुन्हा म्हणावा, तर शिवाजी महाराजांनी निश्चलपुरी गोसाव्याकडून 24 सप्टेंबर 1674 रोजी करवून घेतलेल्या तांत्रिक राज्याभिषेकाचे काय करायचे?

जेधे शकावलीतल्या त्रोटक नोंदींत वेगळाच माणूस भेटतो. मोगल सरदार बोरघाट उतरून गांगोलीला आला, तेव्हा कलशाने त्याच्याशी लढून त्याला पुन्हा घाटावर घातले. 1688 मध्ये शिर्क्यांशी बिनसल्यावर तोच कलश खेळणा किल्ल्यावर (विशाळगडावर) पळाला आणि संभाजी महाराजांना त्याच्यासाठी धावून यावे लागले. छत्रपतींना वश करणाऱ्या मांत्रिकाला शिर्के काही वश झाले नाहीत!

त्याचा खरा अपराध परकेपणाचा असावा. कनोजचा माणूस छंदोगामात्य आणि कुलएख्त्यार (सर्वाधिकारी) झाला, हे जुन्या कारभाऱ्यांच्या पचनी पडणे कठीणच होते. राजस्थानातल्या जमनालाल बजाजांना आणि गुजरातच्या गांधीजींना आपलेसे करणाऱ्या वर्धेकरांनी तरी ‘बाहेरचा म्हणून कपटी’ हे गणित मांडू नये.

पण म्हणून कलशाची आरतीही नको. 1 फेब्रुवारी 1689 रोजी मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्रीच्या वाटा तुडवत संगमेश्वरावर येऊन आदळला. तिथे महाराज आणि कलश दोघेही पकडले गेले. 11 मार्चला कलशाने धन्यासोबत मरण सोसले. त्याच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण शत्रूची फौज उशाशी येईपर्यंत राज्याच्या कुलएख्त्याराचे हेर काय करत होते? जादूटोण्याच्या कथेत हा प्रश्न विचारायची सोय नसते आणि जयजयकारातही नसते. 14 मेच्या शंभूजयंतीला आमच्या गावात येणाऱ्या व्याख्यात्यांनी निदान अर्धा तास यावर बोलावे.

— एक निवृत्त शिक्षक, हिंगणघाट, जि. वर्धा