जाम झालेला बोल्ट आणि कारागिराची सनद

यंत्रयुगाचा विचार आपण बहुधा कारखान्यांच्या, धरणांच्या आणि लोहमार्गांच्या अनुषंगाने करतो. परंतु ज्या मुलखात आगगाडी पोहोचलेली नाही, एस.टी.ची गाडी चुकली की पुढच्या गाडीचा भरवसा धरता येत नाही, आणि रुग्णाला दवाखान्यात, मुलीला महाविद्यालयात व शेतकऱ्याला तहसील कचेरीत वेळेवर पोहोचविण्याचे काम मोटारसायकलीवाचून होत नाही, त्या मुलखात यंत्रयुगाची खरी कसोटी करंगळीहूनही बारीक अशा एखाद्या बोल्टापाशी लागते. माहूर हा असा मुलूख आहे. रेणुकामातेचे शक्तिपीठ, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर धारण करणारे हे डोंगर सागवानी जंगलाने वेढलेले आहेत, पैनगंगेने त्यांना कवेत घेतले आहे, आणि आगगाडीने येणाऱ्यास किनवटला उतरून उरलेली वाट सडकेनेच काटावी लागते. नवरात्रात आणि दत्तजयंतीला घाट चढणाऱ्या असंख्य दुचाक्या असोत, की पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून बियाणे वाहणारी शेतकऱ्याची जुनी गाडी असो, त्यांतली एखादी बंद पडली म्हणजे तिच्या मालकाचा दिवस, आणि पुष्कळदा त्या दिवसाची कमाई, गावातल्या मिस्त्रीच्या हाती असते.

अशा गाडीच्या दुरुस्तीत सर्वांत कठीण प्रसंग इंजिनात बिघाड झाल्याचा नसून, बिघाडापर्यंत पोहोचू न देणाऱ्या जाम बोल्टाचा असतो, ही गोष्ट या व्यवसायाबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. सायलेन्सरची नळी इंजिनाला जेथे जोडली जाते तेथला बोल्ट पाहावा. इंजिन चालू असता तो तापतो, बंद होताच निवतो, तापलेल्या अंगावर पावसाचे पाणी उडते, चिखल बसतो, आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून आट्यांमधली बारीकशी मोकळीक भरून जाऊन बोल्ट चोहोबाजूंनी आवळला जातो. त्यातही बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असल्यामुळे, ओलाव्याच्या सान्निध्यात या दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत्‌रासायनिक क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. हे बंधन वर्षांच्या कालावधीत घडलेले असते. ते पाच मिनिटांत सुटावे अशी अपेक्षा धरणे हाच मुळात अविचार आहे.

तरीही घाईचा हात काय करतो? बाराकोनी रिंग पाना, तोही झिजलेला, बोल्टावर चढवून तो जोराने ओढतो; पान्याचे कोन बोल्टाच्या डोक्याच्या कडांवरच टेकत असल्याने कडा चिरडल्या जातात आणि डोके गोल होते. मग पक्कड येते, पकडीने डोके अधिकच खरवडले जाते, मग छन्नी आणि हातोडा येतात, आणि अखेरीस डोके तुटून बोल्टाचा उरलेला दांडा हेडमध्येच राहतो. जो बोल्ट बाजारात अल्प किमतीला मिळतो, त्याच्यापायी सबंध हेड बदलण्याची पाळी गिऱ्हाइकावर येते.

जाणता मिस्त्री पहिल्या झटक्याला बोल्ट हलला नाही की थांबतो. तारेच्या ब्रशाने तो आट्यांभोवतीचा मळ व गंज काढतो, गंजात झिरपणारे तेल सोडतो, आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवून घेतो, कारण तेलाला आत शिरायला वेळ लागतो आणि त्या वेळेला पर्याय नाही. दुसऱ्या दिवशी तो बोल्टाच्या डोक्यावर सरळ, हलके, पण ठसठशीत ठोके देतो. त्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. मग कडांवर नव्हे तर सपाट बाजूंवर बसणारा सहाकोनी बॉक्स पाना लावून तो बोल्ट आधी किंचित आवळून पाहतो आणि मग सोडवितो. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. एवढ्यानेही तो बधला नाही तर पेट्रोलची टाकी उतरवून, आसपासचे तेल पुसून, भोवतालच्या अॅल्युमिनियमला ज्योतीने ऊब दिली जाते. तापले असता अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे बोल्टाभोवतीची मगरमिठी अंशमात्र सैल होते, आणि त्या अंशमात्र सैलपणावर सगळा खेळ अवलंबून असतो. अडलेल्या बाळंतिणीपाशी बसलेली अनुभवी सुईण जशी बळाने काही ओढीत नाही, कळ केव्हा येते आणि केव्हा ओसरते हे हातानेच ओळखते, तसेच हे ओळखणे आहे. पान्याच्या दांड्यातून तळहाताला लागणाऱ्या ताणावरून आता बोल्ट फिरतो आहे की पिळला जातो आहे, हे ज्याला कळते त्यालाच त्या क्षणी हात आखडता घेता येतो.

डोके तुटलेच तर काम अधिक नाजूक होते. दांडा थोडा वर राहिला असेल तर बॅटरीची जोडणी काढून त्याच्यावर नवा नट वेल्ड करतात. वेल्डिंगची उष्णता गंजाची पकड मोडते आणि पान्याला नवे डोके मिळते. दांडा आतच तुटला असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून ड्रिलने भोक पाडावे लागते, आणि हे मध्य साधणे हीच खरी परीक्षा असते. कारण ड्रिल केसभर सरकले तरी ते कठीण पोलाद सोडून मऊ अॅल्युमिनियमकडे वळते व हेडचे आटे कापते. त्या भोकात उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर बसवून दांडा काढता येतो, पण जोर अधिक झाला तर एक्स्ट्रॅक्टरच आत मोडतो, आणि त्याचे पोलाद इतके कठीण असते की साध्या ड्रिलला ते दाद देत नाही. आटे गेलेच असतील तर भोक मोठे करून नवे आटे मारायचे व त्यात तारेच्या आट्यांची गुंडाळी बसवायची, हा मार्ग उरतो. तो नीट झाला तर हेड वाचते.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण इतकेच की, ज्याला आपण सरसकट 'गॅरेजवाला' म्हणून एका शब्दात वाटेला लावतो, त्याच्या हातांत धातुशास्त्र, उष्णताशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांचे एक जिवंत, अनुभवसिद्ध ज्ञान असते, आणि आपण मात्र त्याला मोबदला देतो तो पान्याच्या फेऱ्या मोजून. बोल्ट लवकर निघाला तर 'एवढ्याशा कामाचे इतके पैसे?' म्हणून आपण घासाघीस करतो. उशीर लागला तर त्याच्या कौशल्याविषयी शंका घेतो. रात्रभर तेल मुरू देणाऱ्या मिस्त्रीचे गिऱ्हाईक शेजारी जाते आणि छन्नी उचलणाऱ्याची भरभराट होते, अशी व्यवस्था आपण गिऱ्हाइकांनीच निर्माण केली आहे. तुटलेल्या बोल्टांची निम्मी जबाबदारी आपल्या घाईची आहे.

उरलेली जबाबदारी सरकारदरबारची आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी आणि विश्वकर्मा जयंतीच्याच मुहूर्तावर, केंद्र सरकारने प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत अठरा पारंपरिक व्यवसायांची यादी आहे. निवडलेल्या कारागिरास प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि अल्प व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. लोहार, कुलूप बनविणारा, हातोडे व अवजारे बनविणारा हे त्या यादीत आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु ती अवजारे हाती घेऊन खेड्यापाड्यांचे दळणवळण चालू ठेवणारा दुचाकी मिस्त्री तीत नाही. ही यादी परंपरागत व्यवसायांची आहे, असा खुलासा यावर केला जाईल. पण परंपरा म्हणजे केवळ प्राचीनता नव्हे. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबून, पाहून, चुकून आणि सुधारून शिकलेली विद्या ही परंपराच होय. ज्या मराठवाड्यात वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि जेथून दुचाक्या देशभर गेल्या, त्याच मराठवाड्याच्या पूर्व टोकाला त्या दुचाक्या जिवंत ठेवणारा माणूस कारागीर या पदवीस अपात्र ठरावा, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

दुरुस्तीच्या दुकानाला क्षुद्र लेखण्याचे तर महाराष्ट्राला मुळीच कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून झाला, आणि पुढे १९१० मध्ये ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या हातांना बोल्ट नीट काढता येतो त्या हातांना एक दिवस बोल्ट घडविताही येतो; मात्र त्यासाठी त्या हातांना वेळ, अवजार आणि प्रतिष्ठा मिळावी लागते.

म्हणून मागणी स्पष्ट करून सांगितली पाहिजे. दुचाकी मिस्त्रीचा समावेश कारागिरांच्या यादीत करावा, किंवा त्याच्यासाठी तितक्याच तरतुदींची स्वतंत्र योजना मंजूर करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी दहावीची अट न घालता, कामावर असलेल्या मिस्त्रींची प्रत्यक्ष हातकामाची परीक्षा घेऊन त्यांना दाखला द्यावा, आणि माहूर-किनवटसारख्या दूरच्या तालुक्यांत त्यासाठी मिस्त्रीला जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालायला न लावता परीक्षकांनीच तालुक्यात यावे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनांचाही अंतर्भाव केला. तो हक्क खरा व्हायचा असेल तर प्रत्येक गाडीची दुरुस्ती-पुस्तिका मराठीत मिळाली पाहिजे, आणि कोणता बोल्ट किती आवळावा याचे कोष्टक तीत असले पाहिजे. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला साधारण दहा न्यूटन-मीटर पीळ पुरतो, म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगल्यावर बसेल तेवढाच. हे ठाऊक नसल्यामुळे लांब पान्याने दुप्पट-तिप्पट आवळलेले बोल्टच पुढे तुटतात.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करावे? मिस्त्रीने 'गाडी उद्या न्या' असे सांगितले तर ते आळसाचे लक्षण न मानता विवेकाचे मानावे, आणि वाचलेल्या हेडचा मोबदला संतोषाने द्यावा. धीराच्या कामाला धीराची किंमत मिळू लागली की छन्नीचा वापर आपोआप कमी होईल. कारण कारागीर उतावळा जन्मत नाही, त्याला उतावळे करणारा बाजार आपण मांडलेला असतो आणि तो मोडण्याचा अधिकारही आपल्याच हाती आहे.