नव्या वस्त्राचे नवेपण

आश्विन लागला की कापडपेठांना भरती येते. घटस्थापना, विजयादशमी आणि पाठोपाठ दीपावली अशी सणांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक सणाला नवे वस्त्र हवेच, अशी आपली समजूत असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान करावे, कोरे वस्त्र परिधान करून देवापुढे उभे राहावे, यातील आनंद आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. आमची तक्रार निराळी आहे. वर्षभर महिन्यामागून महिना नवे कपडे घरात येऊ लागल्यापासून दिवाळीच्या वस्त्राचे नवेपणच हरवले आहे.

आपल्या आज्यांच्या काळी वर्षाचे कापड बहुधा दिवाळीलाच घेतले जाई. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे सदरे आणि परकर बेतले जात. त्यामागे पुष्कळदा ओढगस्ती असे; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्या एका खरेदीमागे विचारही असे. कापड धुतल्यावर किती आटेल, रंग उतरेल काय, मूल वाढले तर उसवून उंची वाढवता येईल काय, पुढे ते धाकट्याच्या अंगाला लागेल काय, हे सारे दुकानाच्या गादीवर बसूनच ठरे. आज मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकले की तीन कुडते दारात हजर होतात. त्यांतला एक पसंत पडतो, एक परत जातो आणि तिसरा कपाटाच्या तळाशी जाऊन बसतो.

नवरात्रातील नऊ रंगांचेच घ्या. ही प्रथा आजच्या रूपात फार प्राचीन नव्हे. या शतकाच्या आरंभी वृत्तपत्रांच्या पानांवरूनच ती घरोघर पोहोचली. कचेऱ्यांत, लोकलच्या डब्यांत एका रंगात न्हालेल्या भगिनी पाहून कोणालाही प्रसन्न वाटेल. पण त्यासाठी नऊ नव्या साड्या घेतल्याच पाहिजेत, अशी जगदंबेची आज्ञा नाही. जावेची हिरवी, नणंदेची जांभळी एक दिवस मागून नेसली तर व्रतात कोणते न्यून येते? उलट दोन घरांचे येणेजाणे वाढते.

खुद्द देवाला आपण काय देतो, हेही पाहावे. षोडशोपचारांत वस्त्र हा एक उपचार आहे. तेथे महावस्त्र नसेल तर कापसाचे, कुंकवाची बोटे लावलेले वस्त्र आपण वाहतो आणि पूजा सांग होते. सोवळ्याचा मुकटा किंवा धाबळी तर वर्षानुवर्षे तीच असते. तेथे पावित्र्य पाहिले जाते. ते कितवे वस्त्र आहे, हे कोणी मोजत नाही.

स्वस्त म्हणून जे ढिगाने विकले जाते, त्यात पॉलिस्टरचा भरणा मोठा असतो. हा धागा खनिज तेलापासून होतो. तो घाम टिपत नाही, मातीत लवकर कुजत नाही आणि आगीशी गाठ पडली तर वितळून कातडीला चिकटतो. पणत्यांच्या रांगा लावणाऱ्या आणि फुलबाज्या हाती घेणाऱ्या मुलांच्या अंगावर सुती कपडेच असावेत, हे प्रत्येक मातेने ध्यानी धरावे. शिवाय जुन्या सुती लुगड्याची गोधडी होते, बाळाची दुपटी होतात, अगदी शेवटी पोतेरे होते. पॉलिस्टरच्या साडीला या पायऱ्या नाहीत. ती बोहारणीलाही नकोशी होते.

सर्वांनी कमी घेतले तर दुकानदाराने आणि शिंप्याने काय करावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मात्र कमी घ्यावे म्हणजे कमी खर्चावे, असे आमचे म्हणणे नाही. पाच साड्यांचे पैसे एका साडीला घालावेत, ती हातमागाची घ्यावी, आणि उसवलेला कपडा टाकून न देता शिंप्याकडे न्यावा. 2019-20 च्या हातमाग गणनेनुसार देशात 35 लाखांहून अधिक माणसे या व्यवसायात आहेत आणि त्यांत 70 टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. येवल्या-पैठणचा विणकर एका पदरावर कित्येक आठवडे घालवतो. यंत्रमागाची नक्कल त्याच नावाने त्याच्याच शेजारी विकली जाते. पदर उलटून पाहावा. अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, नकलेच्या मागे सुटे धागे लोंबतात. रेशमाची शंका आली तर कडेचा एखादा धागा काढून जाळावा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, कृत्रिम धाग्याची मात्र टणक गोळी होते. दुकानदार त्यास नकार देईल, तर तेथून उठावे हे बरे.

ज्या घरात वर्षातून एकदाच कापड येते, त्यांना हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. ती घरे काटकसर आपल्याहून अधिक जाणतात. हे लिहिणे आहे ते भरलेल्या कपाटांच्या घरांसाठी.

आणि ओटीच्या खणांविषयी कोणी तरी बोललेच पाहिजे. हळदीकुंकवात, डोहाळजेवणात, परतीच्या पाहुणीला आपण जो खण देतो, त्याची चोळी शिवता येईल काय? पुष्कळदा तो अपुरा असतो, पहिल्या धुण्यात विटतो. म्हणून तो शिवला जातच नाही. या घरातून त्या घरात, तिथून तिसऱ्या घरात फिरत राहतो आणि कधी कधी देणारीच्याच ओटीत परत येऊन पडतो! सवाष्णीची ओटी भरायची तर पुरते मीटरभर सुती कापड घालावे, नाही तर गुळेदगुड्डचा खरा खण घालावा. ते झेपत नसेल तर तांदूळ, नारळ आणि हळदकुंकू एवढ्याने ओटी पूर्ण होते.