क्रोफूटचा हिशेब कोण ठेवणार?

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या वाचकांकडून सध्या एकाच प्रकारची तक्रार येते आहे. ग्राहक कंपनीचा ऑडिटर असेंब्ली लाइनवर येतो, टॉर्क रेंचच्या स्टिकरवरची तारीख पाहतो आणि एक्स्टेन्शन बारचे वेगळे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतो. नसले की एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी. मग उद्योजक प्रयोगशाळांचे उंबरठे झिजवतो. नुसत्या बारमध्ये कॅलिब्रेट करण्यासारखे काही नसते, म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही, आणि त्यावाचून एनसी बंद होत नाही. त्याच लाइनवर पुढच्या स्टेशनला क्रोफूट, म्हणजे रेंचच्या ड्राइव्हवर बसणारा उघड्या तोंडाचा आडवा पाना, लावून नट आवळले जात असतात. त्याबद्दल चकार शब्द नाही.

ही तपासणी नेमकी उलटी आहे. ड्राइव्हच्या अक्षात सरळ उभा असलेला बार रेंचची लांबी बदलत नाही. तो थोडा पिळला जातो, पण सावकाश आवळल्यास क्लिकच्या क्षणी टॉर्क नटापर्यंत पोचलेला असतो. बार कलू द्यायचा नाही, एवढेच पथ्य. क्रोफूट मात्र लांबीच बदलतो. ड्राइव्हच्या मध्यापासून पकडीच्या मध्यापर्यंत 400 मिमी आणि पुढे सरळ रेषेत नटाच्या मध्यापर्यंत 80 मिमी असेल, तर 120 न्यूटन-मीटरसाठी रेंच 120 गुणिले 400 भागिले 480, म्हणजे 100 वर लावावा लागतो. तो 120 वरच राहिला, तर नटावर 144 पडतात. चूक 20 टक्के! आयएसओ 6789 अशा रेंचला जेमतेम 4 टक्के इकडे-तिकडे जाऊ देते. क्रोफूट हँडलशी काटकोनात बसवला, तर ही दुरुस्ती लागत नाही. तो हँडलच्या दिशेने उलटा वळवला, तर तेच सेटिंग 150 होते. फिटरने हात पुढे-मागे धरला किंवा हँडलवर पाइप चढवला, की हा सारा हिशेब कोलमडतो.

पण ऑडिटरला बोल लावून आपली सुटका होत नाही. आपल्याच किती वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये क्रोफूटची लांबी आणि कोन लिहिलेला असतो? दुरुस्त केलेले सेटिंग रेंचच्या कॅलिब्रेट केलेल्या पल्ल्याखाली जात नाही ना, हे कोण पाहते? बारा महिने किंवा 5000 आवर्तने, जे आधी होईल ते, हा रेंचच्या कॅलिब्रेशनचा दंडक सर्वांना पाठ आहे. तारीख सगळे पाळतात, आवर्तने कोणी मोजत नाही. अति आवळलेला स्टड ताणला जातो, आटे जातात, आणि माल परत आला की दोष बोल्ट पुरवणाऱ्यावर ढकलला जातो.

हे आता थांबवा. प्रत्येक क्रोफूटवर क्रमांक आणि मध्य ते मध्य लांबी कोरून घ्या. तो एकाच स्टेशनला, एकाच रेंचला बांधून द्या. दुरुस्त सेटिंग, क्रोफूटचा कोन आणि हात धरायची जागा कंट्रोल प्लॅनमध्ये लिहा. शिफ्टच्या सुरुवातीला क्रोफूटसकट रेंच टॉर्क टेस्टरवर तपासा आणि ती नोंद जपा. बारवर एनसी आली, तर सर्टिफिकेट शोधत फिरू नका. गणित मांडून लेखी उत्तर द्या आणि नोंदवही पुढे ठेवा. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांनी ग्राहक कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांना एका टेबलाशी बसवून हा प्रश्न कायमचा मिटवावा. मात्र त्या बैठकीला जाण्याआधी प्रत्येक सभासदाने आपल्या लाइनवरचे क्रोफूट मोजलेले असले पाहिजेत.